तुम्ही विचारलंत म्हणून: बरोबर उत्तर लगेच का दाखवत नाही?

शिक्षक विचारतात, पालक विचारतात, मुलं तर वैतागून विचारतात: रसायनशास्त्राचं गणित चुकलं की तुमचा सरावाचा प्रोग्राम सरळ बरोबर उत्तर का दाखवत नाही? मध्येच ‘हायड्रोजन किती उरला?’ ही चौकशी कशाला? एकदा आकड्यांनिशीच सांगतो.

अकरावीचं नेहमीचं गणित घ्या. २.८ ग्रॅम नायट्रोजन, १.० ग्रॅम हायड्रोजन. अमोनिया जास्तीत जास्त किती मिळेल? वजनाला रेणुवस्तुमानानं (नायट्रोजन २८, हायड्रोजन २) भागलं की मोल मिळतात, म्हणजे रेणूंची मोजणी: नायट्रोजन ०.१० मोल, हायड्रोजन ०.५० मोल. एका मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो आणि दोन मोल अमोनिया मिळतो (N₂ + 3H₂ → 2NH₃), म्हणजे हायड्रोजन ०.३० पुरे. नायट्रोजन आधी संपतो. अमोनिया ०.२० मोल, गुणिले त्याचं रेणुवस्तुमान १७, म्हणजे ३.४ ग्रॅम.

आता चुका. ३.८ लिहिणाऱ्यानं बहुधा दोन्ही वजनांची बेरीज केली. १.७ लिहिणारा अमोनियाच्या आधीचा २ विसरला. इथवर सोपं आहे. पण ५.७ आलं तर? एकानं हायड्रोजन ग्रॅममध्ये कमी दिसला म्हणून तोच आधी संपतो असं धरलं: ०.५० मोलचे दोन तृतीयांश, गुणिले १७. दुसऱ्यानं पद्धत अगदी नीट वापरली, फक्त नायट्रोजनचं रेणुवस्तुमान २८ ऐवजी १४ घेतलं. मग नायट्रोजन ०.२० मोल झाला, त्याला ०.६० मोल हायड्रोजन हवा, आहे ०.५०, म्हणून हायड्रोजन आधी संपला. उत्तर तेच, ५.७. पहिल्याला लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, कळलेलाच नाही. दुसऱ्याला तो पक्का कळलाय. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू असतात एवढंच निसटलं. दोघांना ‘चूक, उत्तर ३.४’ एवढंच दाखवलं तर दोघंही ३.४ वहीत उतरवून पुढे जातात, आणि पुढच्या गणितात तिथेच पडतात. म्हणून ५.७ आलं की प्रोग्राम आधी नायट्रोजनचे मोल विचारतो. ०.१० म्हणणाऱ्याला एक वाट, ०.२० म्हणणाऱ्याला दुसरी. शिवाय दोघांनाही विचारता येतं: घातलं ३.८ ग्रॅम, मग ५.७ ग्रॅम निघालं कुठून?

याहून जास्त छळतं ते बरोबर आलेलं उत्तर. हायड्रोजनचं रेणुवस्तुमान २ ऐवजी १ धरा: १.० मोल होतो, तरी नायट्रोजनच आधी संपतो आणि ३.४ येतं. गुणोत्तर न पाहता ‘ज्याचे मोल कमी तो आधी संपतो’ म्हणा, तरीही ३.४. रसायनशास्त्र कसं शिकलं जातं यावर संशोधन करणाऱ्या सुझन नुरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी १९८७ सालीच दाखवलं होतं की आकडेमोडीची गणितं सोडवणारे बरेच विद्यार्थी त्याच विषयावरचे कणांच्या चित्रांचे प्रश्न चुकतात. मग नुसत्या ३.४ वर हिरवी खूण कशी द्यायची?

म्हणून दुसरी चौकट: काय उरलं आणि किती ग्रॅम? बरोबर उत्तर ०.४० ग्रॅम, ३.४ आणि ०.४० मिळून ३.८. हायड्रोजनचं १ धरणाऱ्याकडे ०.७० उरतो, बेरीज ४.१. सरळ ०.५० मधून ०.१० वजा करणाऱ्याकडे ०.८ उरतो, बेरीज ४.२. द्रव्य अक्षय्यतेचा नियम चूक पकडून देतो आणि विद्यार्थ्याला ती स्वतः दिसते.

आकडेही निवडावे लागतात. १३.५ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि १२.८ ग्रॅम ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजन ग्रॅममध्येही कमी, मोलमध्येही कमी (०.४० विरुद्ध ०.५०), तरी आधी संपतं ॲल्युमिनियम, कारण चार मोल ॲल्युमिनियमला ऑक्सिजन तीनच मोल लागतो. ऑक्साइड २५.५ ग्रॅम, उरलेला ऑक्सिजन ०.८. ऑक्सिजन आधी संपला म्हणाल तर २७.२ येतात, घातलेल्या २६.३ पेक्षा जास्त. दोन्ही आंधळे नियम एकाच गणितात उघडे पडतात. असं एक गणित बसवायला जो वेळ लागतो त्यात साधी वीस होतील, हे खरं आहे. तरी मला हे एकच हवं.

‘परीक्षेत कोण विचारतं काय उरलं?’ जेईई मेनमध्ये २०२० पासून नुसती संख्या लिहायचे प्रश्न आहेत, तिथे आकडाच मोजला जातो. परीक्षा आठवड्यावर आलेल्या मुलाची चिडचिड मला रास्त वाटते, आणि त्याला देण्यासारखं पटणारं उत्तर माझ्याकडे नाही.

पायऱ्यांचंही तसंच. पूर्वी माझा आग्रह होता की प्रत्येक पायरीला चौकट हवी: नायट्रोजनचे मोल, हायड्रोजनचे मोल, गुणोत्तर. पण चौकटींवर नावं छापली की गणिताचा आराखडा प्रोग्रामनंच आखून दिला. मुलानं फक्त भागाकार केले. आता आधी कोरी जागा असते, अडलं तरच चौकटी उघडतात. त्यावर जुना आग्रह विचारतो: ज्याला पहिलं पाऊलच सुचत नाही, त्यानं कोऱ्या जागेकडे बघत बसायचं का? त्याच्यासाठी आधी पूर्ण सोडवलेलं गणित ठेवलंय. पण सूचनेचं बटण भराभर दाबत शेवटच्या ओळीपर्यंत जाणारेही असतात. त्यांच्यासाठी दोन प्रयत्नांनंतर वेगळ्या आकड्यांचं सोडवलेलं गणित दाखवतो आणि मग मूळ गणित पुन्हा देतो. दोनच प्रयत्न का, तीन का नाहीत, यावर माझं मत अजून बदलत असतं.