मापाचं एक, फॅटचं एक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीचा फोन आला, "शाळेबद्दल काहीही लिहा." काहीही म्हटलं तरी माझ्या हातून सरांबद्दलच लिहून होणार. गणिताचे सर, दुसरे कोण!

नववीत मिश्रणाची शाब्दिक उदाहरणं आली की निम्मा वर्ग माना खाली घालायचा. सर विचारायचे, "म्हशीचं दूध 7 टक्के फॅटचं, गाईचं साडेतीन. मिसळून साडेचारचं 70 लिटर करायचंय. जास्त कुणाचं लागेल?" साडेचार साडेतीनच्या जवळ, म्हणजे गाईचं. एवढं पोरांच्या तोंडून वदवल्याशिवाय ते खडूला हात लावत नसत. मग दोनच ओळी, "एक मापाचं, एक फॅटचं": क्ष + य = 70 आणि 7क्ष + 3.5य = 315. पहिल्याला साडेतीननं गुणून वजा केलं की 3.5क्ष = 70. म्हशीचं 20, गाईचं 50.

एकदा उदाहरण पाण्याचं निघालं. 6 फॅटच्या दुधात पाणी घालून साडेचारचं 40 लिटर केलं, तर पाणी, म्हणजे य, किती? पाण्याची फॅट शून्य. अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. आमचे अण्णा हरिपुराहून सायकलला किटल्या अडकवून गावभागात रतीब घालायचे. मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. सरांनी फळ्यावरून मान न वळवता सांगितलं, "ह्याच्या अण्णांचा रतीब माझ्या घरी आहे. तिथं य शून्य असतो." आणि 6क्ष = 180 लिहून मोकळे. दूध 30, पाणी 10. घरी सांगितलं तर अण्णा नुसतेच "बरं" म्हणाले; दुसऱ्या दिवशी सरांच्या पातेल्यात वरकड जरा जास्तच पडली असणार.

आज मी एका दूध संघात प्रक्रिया विभाग बघतो. स्टँडर्ड दुधाला 4.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, लागतं. नवी पोरं पिअर्सनचा चौकोन मांडून तिरकी वजाबाकी करतात, म्हशीच्या 1 ला गाईचं 2.5 असं प्रमाण झटक्यात काढतात. झकास. पण एसएनएफही जुळवायचं म्हणून दूध पावडर आली की चौकोन हात टेकतो. मग मी कागद ओढतो आणि सरांच्या दोन ओळींखाली तिसरी लिहितो, एसएनएफची.

परवा शाळेत डोकावलो. फळ्याच्या जागी पडदा आलाय, येऊ दे. पण उदाहरण पुरतं वाचायच्या आधीच पोरं चार पर्याय चाचपतात, ते काही पटलं नाही. जास्त कुणाचं लागेल, हे आता कोण विचारतं?

असो. सोहळ्याच्या दिवशीचं मसाला दूध माझ्याकडून. माणसं किती येणार ते समितीनं आठवडाभर आधी कळवावं.

(1984 ची दहावी)