जानेवारीचं गॅसबिल

जानेवारीचं गॅसबिल फेब्रुवारीत येतं आणि न्यू जर्सीतल्या जुन्या घरांना ते वर्षातलं सगळ्यात जड जातं. एडिसन, इसलिन, वुडब्रिज या पट्ट्यात आपली मराठी घरं किती आहेत! बहुतेकांचं बिल खात्यातून परस्पर वळतं होतं, त्यामुळे ते कुणी उघडूनही बघत नाही. ज्यांना भरणं अवघड जातं ते फक्त खालचा आकडा बघतात आणि धास्तावतात. मदत मागणं म्हणजे हात पसरणं, असं समजून गप्प राहतात. हे मला फार लागतं, म्हणून लिहितेय.

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या सांगलीच्या. काका गेल्यापासून एकट्या असतात, सोशल सिक्युरिटीच्या सरकारी पेन्शनवर घर चालवतात. या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेले तर थर्मोस्टॅट साठ फॅरनहाइटवर, अंगात दोन स्वेटर आणि वर शाल. एवढं करूनही बिल काका असतानाच्या हिवाळ्याएवढंच आलेलं आणि त्यात मागची थकबाकी. मला ते पटेना. म्हणून आम्ही दोघी बिल घेऊन टेबलाशी बसलो.

पहिल्यांदा बघायचं ते मीटर रीडिंग. त्याच्यापुढे ‘अ‍ॅक्चुअल’ लिहिलंय की ‘एस्टिमेटेड’? काकूंचा मीटर तळघरात आहे, त्यामुळे त्या महिन्यात कंपनीने अंदाजाने आकडा टाकला होता: ४१९०. हा अंदाज आधीच्या वर्षांच्या वापरावरून काढतात. म्हणजे तो काका असतानाचा, घर उबदार ठेवायचे तेव्हाचा अंदाज होता. टॉर्च घेऊन खाली गेलो. जुना, घड्याळासारख्या तबकड्यांचा मीटर. तो वाचायची रीत अशी: डावीकडून उजवीकडे चार तबकड्या वाचायच्या, शेजारशेजारचे काटे उलटसुलट दिशांनी फिरतात हे ध्यानात ठेवायचं, आणि काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा धरायचा, फक्त नऊ आणि शून्याच्या मध्ये असेल तर नऊ. वरच्या ‘हाफ फूट’, ‘टू फूट’ अशा छोट्या तबकड्या सोडून द्यायच्या. आम्ही वाचला ४१३७. बिल येऊन आठवडा होत आला होता, तरी मीटर बिलातल्या आकड्याच्या मागेच! फोटो काढला, कंपनीला फोन करून रीडिंग सांगितलं, आणि दुरुस्त बिल आलं.

आधीचं खरं रीडिंग ३९८२ होतं. ४१३७ मधून ते वजा केलं की १५५. हे सीसीएफ, म्हणजे शंभर-शंभर घनफूट गॅस. पण पैसे लागतात ते थर्मवर. थर्म म्हणजे उष्णतेचं माप, एक लाख बीटीयू. म्हणून बिलात एक गुणक असतो. तो एकाच्या आसपास, थोडा खालीवर होतो. काकूंच्या बिलात १.०३५ होता, म्हणजे साधारण १६० थर्म.

मग जुलैचं बिल काढलं. त्यात १४ थर्म. उन्हाळ्यात हीटिंग बंद, म्हणजे पोळ्या, वरणभात, चहा आणि अंघोळीचं गरम पाणी मिळून एवढाच गॅस. उरलेले १४५ च्या आसपास थर्म निव्वळ घर तापवायला. काकू बिचाऱ्या पुरणपोळ्या करणं टाळत होत्या, गॅस जातो म्हणून! शेगडीत वाचवण्यासारखं जवळपास काही नसतंच. गॅस जातो तो भिंतींतून, माळ्यातून आणि खिडक्यांच्या फटींतून.

बिलाचे दोन भाग असतात, सप्लाय आणि डिलिव्हरी. सप्लाय म्हणजे खुद्द गॅसची किंमत, आणि न्यू जर्सीत कंपनी तो गॅस नफा न घेता देते. डिलिव्हरी म्हणजे पाइपलाइन आणि देखभाल. सप्लायपुढे भलत्याच कंपनीचं नाव दिसलं तर बहुधा कुणीतरी दारावर येऊन ‘स्वस्तात देतो’ म्हणत सही घेतलेली असते. करार काढून वाचा आणि दर ताडून बघा.

आता मदतीचं. राज्यातल्या गॅस आणि विजेच्या दरांत ‘सोसायटल बेनिफिट्स चार्ज’ नावाची एक रक्कम असते, १९९९ च्या कायद्यापासून. ज्यांना बिल झेपत नाही त्यांच्यासाठीचा युनिव्हर्सल सर्व्हिस फंड, म्हणजे यूएसएफ, याच पैशांतून चालतो. काका-काकूंनी इतकी वर्षं प्रत्येक बिलात ते पैसे भरलेत. काकूंना मी हेच सांगितलं: हे तुमचेच पैसे आहेत, यात हात पसरणं कुठे आलं? त्यावर त्या अर्ज भरायला तयार झाल्या.

यूएसएफ आणि केंद्र सरकारची लायहीप (LIHEAP) ही मदत योजना, दोन्हींसाठी एकच अर्ज असतो. लायहीपमधून हिवाळ्याच्या हीटिंगसाठी एकदा रक्कम मिळते. यूएसएफमध्ये दर महिन्याच्या बिलातूनच वजावट होते. यूएसएफ पहिल्यांदाच मिळत असेल तर पुढची बिलं वेळेवर भरत गेल्यावर जुनी थकबाकी माफ होण्याचीही सोय आहे. पासष्टीपुढच्यांसाठी लाइफलाइन नावाची वेगळी योजना आहे, तिचे वर्षाला २२५ डॉलर. कागद आधीच जमवून ठेवा: ओळखपत्र, घरातल्या सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, सगळ्या मोठ्या माणसांच्या उत्पन्नाचा पुरावा, घराची कागदपत्रं किंवा भाड्याचा करार, आणि ताजी बिलं. अर्ज अडकतात ते बहुधा एखादा कागद राहिल्यामुळे. कुठे जायचं कळत नसेल तर २११ वर फोन करा.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर लायहीप मिळत नाही. तरी कंपनीकडे हप्ते बांधून मागता येतात, तिथे व्हिसा आड येत नाही. मात्र तोडणीची नोटीस यायची वाट बघू नका, आधी फोन करा. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा, कारण तो चुकला की करार मोडतो. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात यूएसएफ, लायहीप किंवा लाइफलाइन घेणाऱ्यांचा गॅस तोडता येत नाही. बिल मात्र माफ होत नाही, ते साठत जातं, म्हणून त्या महिन्यांतही जमेल तेवढं भरत राहावं.

काकूंचे हप्ते ठरलेत, अर्ज गेलाय. थर्मोस्टॅट मी अडुसष्टवर नेऊन ठेवला, त्यांनी पासष्टवर आणला. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी कम्फर्ट पार्टनर्स नावाची योजना आहे. त्यात माणसं घरी येऊन फटी बुजवतात, माळ्यावर इन्सुलेशन घालतात, तेही फुकट. तिथेही काकूंचं नाव दिलंय. माळ्यावर काकांची पुस्तकं आहेत. ती माणसं यायच्या आत आम्हाला खाली आणायची आहेत.