आमची वाटचाल : उतार बघून ठरवलेले रस्ते

साताऱ्यात आमचं दुकान सुरू झालं ते सायकल दुरुस्तीचं. पुण्याहून ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायची सायकलफेरी) करणारे सायकलस्वार महामार्गाने इथवर येऊन परत फिरायचे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, त्यामुळे तुटलेला स्पोक नाहीतर वाकलेला हँगर (मागचा गिअर अडकवायचा तुकडा) घेऊन आलेला माणूस घासाघीस करत नाही. ‘किती वेळ लागेल?’ एवढंच विचारतो. नवरा हात काळे करायचा आणि मी गल्ल्यावर बसून त्या लोकांशी बोलायचे. खंबाटकी चढून आलो, पण कासचं पठार काही बघितलं नाही, ही हळहळ प्रत्येकाच्या तोंडी. मग मी कागदावर नकाशे काढून द्यायला लागले. पाणी कुठे मिळेल, कुठली हॉटेलं सकाळी सातला उघडतात, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, सगळं त्यात. लोक मित्रांसाठी म्हणून जादा कागद मागायला लागले, तेव्हा कळलं की धंदा इथे आहे, आणि आम्ही लोकांना सायकलवर फेऱ्यांना न्यायला लागलो.

आमची मुख्य फेरी आजही सुरुवातीचीच आहे. सातारा, यवतेश्वरचा घाट, कास, तिथून खाली बामणोली. बामणोलीहून बोटीने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पार करून तापोळा. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी तापोळ्याहून महाबळेश्वर चढायचं आणि केळघर घाटाने मेढ्यावरून परत साताऱ्याला. सायकलवरचं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सातारा साधारण ७०० मीटरवर, कास १२०० वर. मग कोयनेच्या पाण्यापर्यंत पुन्हा सगळं घालवायचं आणि दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरपर्यंत नव्याने कमवायचं.

ही फेरी उलटी का नेत नाही, असं बरेच जण विचारतात. उलटी गेलं तर सुरुवातीला सोपी वाटते, फोटोही चांगले मिळतात. पण चढाला माणूस फार तर थकतो, उताराला पडतो. तापोळ्याचा रस्ता अरुंद आहे, दाट झाडीतून वळतो, समोरून येणारी जीप दिसण्याआधी ऐकू येते. असा रस्ता ताशी आठ किलोमीटरने चढावा, चाळीसने उतरू नये. केळघरला त्या मानाने रुंदी आहे, पुढचं वळण लांबून दिसतं, म्हणून उतरायला तो. पसरणी घाटाने वाईला उतरणं जास्त प्रसिद्ध आहे, पण पाचगणीची वाहतूक बघता माझ्या भरवशावर आलेल्या माणसाला मी तिकडे सोडत नाही. कास ते बामणोली हा उतार तेवढा अरुंद असूनही घ्यावा लागतो, म्हणून साताऱ्यातून उजाडता उजाडता निघायचं हा नियम. गाड्या वर यायच्या आधी आमची माणसं बोटीपाशी पोचलेली असतात. रस्ता चढासाठी नाही, उतारासाठी निवडायचा, एवढंच आमच्या धंद्याचं भांडवल आहे असं म्हटलं तरी चालेल.

बोटीचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा सायकली घेऊन गेलो तेव्हा बोटवाले मामा बघतच राहिले. “ताई, ह्यास्नी झोपवून ठेवा, उभ्या ऱ्हायल्या तर वाऱ्यानं पाण्यात जातील,” म्हणाले. तेव्हापासून आम्ही जुन्या गोधड्या बरोबर नेतो; सायकल गोधडीवर, गिअरची बाजू वर. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि काठाला चिखल उघडा पडतो, म्हणून मार्चनंतर ही फेरी बंद. तापोळ्याकडच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला आहे. धरण झालं तेव्हा शेती पाण्याखाली गेली, तेव्हापासूनची ही रीत. आमचे पाहुणे ज्या मावशींकडे उतरतात, त्यांच्या घरची पुरुषमंडळी गणपती आणि शिमग्यालाच येतात. नाचणीची भाकरी, झुणका, तलावातला मासा. पैसे आम्ही मावशींच्या हातात देतो, आधी ठरवून, आणि माणसं कमी आली तरी तेवढेच.

सायकलींवर सगळ्यात जास्त पैसा गेला आणि सगळ्यात जास्त वादही तिथेच झाले. भाड्यासाठी घेतलेल्या रोड बाइक मैदानी होत्या. पुढचं लहान दातेचक्र ३६ दात्यांचं, मागचं मोठं २८चं. पायाच्या एका फेरीला सायकल जवळपास पावणेतीन मीटर पुढे जाते. सपाटीला छान, पण यवतेश्वरच्या चढाला गुडघे बोलायला लागतात. आम्ही पुढे ३४ आणि मागेही ३४ बसवलं. आता एका फेरीला साधारण २.१ मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की ताशी साडेसात किलोमीटर होतात आणि माणूस बोलत बोलत चढतो. पूर्वीच्या गिअरवर त्याच वेगाला मिनिटाला पंचेचाळीस-सत्तेचाळीस फेऱ्याच बसायच्या, म्हणजे प्रत्येक फेरीला दाब जास्त. टायर २५ मिलिमीटरचे काढून ३२चे घातले. ‘ह्याला रोड बाइक म्हणायचं का?’ असं एक पुणेकर म्हणाले होते. उतरताना त्यांचं मत बदललं असावं; निदान पुन्हा बोलले नाहीत.

ब्रेकपॅडचं गणित वेगळंच. वरचा सगळा भाग जांभ्याचा. त्याचा तांबडा चिखल पॅड आणि डिस्कच्या मध्ये बसला की पॉलिश पेपरसारखा घासतो. रेझिनचे पॅड एका ओल्या दिवसात संपलेले बघितलेत. आता आम्ही धातूचे पॅड वापरतो; कर्कश वाजतात, वाजू देत.

कासबद्दल थोडं कडू बोलावं लागेल. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही आलं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार-रविवार गाड्यांचे झाले. आमच्याकडे सगळ्यात जास्त चौकशी त्याच दोन महिन्यांची येते. आम्ही त्या शनिवार-रविवारी फेऱ्या घेत नाही. गाड्यांच्या रांगेतून धूर खात चढण्यात मजा नाही, आणि गर्दीत सायकल बाजूला घ्यायची म्हणजे ती फुलांवर जाते. खडकावर मातीचा जेमतेम थर असतो. त्याच कसहीन ओल्या मातीत सीतेची आसवं वाढतात आणि बारीक जीव पकडून पोट भरतात. तिथे चाकाची एक रेघ उमटली की दिसत राहते. म्हणून फुलांच्या दिवसांत मंगळवार-बुधवारच. शुल्क भरायचं, सायकल डांबरावर, माणूस पायवाटेवर. सुरुवातीला यामुळे हंगामच बुडतोय असं वाटायचं. २०२० नंतर घरून काम करणारे आयटीवाले यायला लागले, त्यांना मधले वार चालतात. त्याच सुमारास जगभर सायकलींचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. एका कॅसेटसाठी (मागच्या दातेचक्रांचा संच) महिनोन्‌महिने थांबलो. आता भाग मिळतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आल्यावर आम्ही ताफ्यात भर घातली.

जून ते ऑगस्ट आम्ही दुरुस्तीवरच जगतो. साताऱ्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून साठ किलोमीटरच्या आत असलेल्या महाबळेश्वरला पाच हजाराच्या पुढे. जुलै २०२१ मध्ये तिथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, आंबेनळी घाट बंद झाला. धुक्यात, शेवाळलेल्या डांबरावर लोकांना घेऊन जाण्याचे पैसे नकोत. ‘पावसाळ्यातच तर खरी मजा’ असं सांगणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर जावं. संध्याकाळी पाचनंतर जंगलातल्या रस्त्यावर कुणी असू नये, हा नियम मात्र बारमाही. गवा सायकलला घाबरत नाही, आणि आवाज नसल्यामुळे त्याला आपण कळतही नाही.

नवी फेरी ठोसेघर-चाळकेवाडीची तयार आहे. पवनचक्क्यांचं उघडं पठार, सज्जनगड बाजूला ठेवून जाणारा रस्ता, गर्दी कासच्या मानाने काहीच नाही. नवरा वर्षभर म्हणतोय, सुरू करू. मी अडवून धरली, कारण वर झाड नाही, आडोसा नाही आणि आमच्याकडे येणाऱ्यांत आता बायका बऱ्याच असतात. पुरुषांनी आखलेल्या नकाशात ही अडचण कुठेच नोंदलेली नसते. ठोसेघरातल्या एका घराशी बोलणं झालंय. संडास-न्हाणीघर वापरायला देतील, महिन्याचे ठरावीक पैसे घेतील, चहा वेगळा. पठाराच्या पलीकडच्या टोकाला असंच आणखी एक घर हवं आहे. ते मिळालं की दिवाळीनंतर नोंदणी उघडू.