खेकडा

शेजारच्या टेबलावर तीन वर्षं बसणाऱ्या माणसाच्या मानेवर एक तीळ आहे, हे मला जर्मनीतल्या नेकर नदीत कळलं. ऑफिसात आम्ही एकमेकांची तोंडं बघतो, तीही बहुतेक वेळा स्क्रीनवर. होडीत मात्र फक्त पाठ. वल्हवणारा बसतो उलटा, होडी जाते त्याच्या पाठीच्या दिशेने. कुठून निघालो ते स्वच्छ दिसतं, कुठे चाललोय त्याचा पत्ता नाही. ते एकट्या सुकाणूवरच्या माणसाला दिसतं, आणि तो वल्ह्याला हातसुद्धा लावत नाही.

इथे कुणीही म्हणेल, म्हणजे मॅनेजर. पण आमचा मॅनेजर दोन नंबरच्या जागेवर होता. सुकाणूवर बसली होती नौकानयन क्लबातली कॉलेजकन्यका, आणि ती त्याला सगळ्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, "दोन नंबर, उशीर!" या तीन शब्दांसाठी मी पुढच्या वर्षीही नाव देणार आहे.

नाव मी मुळात दिलंच नव्हतं. जेवताना एकदा सहज म्हणालो होतो, की आमच्या सांगलीत पावसाळ्यात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, काठावर ही गर्दी, हा आरडाओरडा. जर्मन माणूस ऐकलेलं लक्षात ठेवतो. दोन दिवसांनी कॉफी मशीनशेजारी यादी लागली, तिच्यात मी 'अनुभवी' म्हणून पहिला. आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून भडंग खाणं याला अनुभव म्हणत असतील, तर तो माझ्याकडे भरपूर होता.

शर्यतीचं नाव 'रूडर्न गेगेन क्रेब्स', म्हणजे कर्करोगाविरुद्ध नौकानयन. 2005 साली माइन्त्समध्ये सुरू झालेली ही मदतीची शर्यत आता जर्मनीत बऱ्याच शहरांत होते, आमच्या हायडेलबर्गमध्येही. जमलेल्या पैशांतून उपचार चालू असलेल्या रुग्णांसाठी व्यायामाचे कार्यक्रम चालवतात. वल्हवणारे चार, प्रत्येकाच्या दोन हातांत दोन वल्ही, शिवाय सुकाणूवर एक. अंतर जेमतेम तीनशे मीटर. नवशिक्यांना झेपावी म्हणून होडी जरा रुंद असते. 'रुंद' हे क्लबवाल्यांचं मत. मला ती पन्हाळीएवढी वाटली.

पहिल्या सरावात कळलं, की वल्हवतात ते पायांनी. बैठकीला चाकं असतात, ती रुळांवर मागे-पुढे सरकते. आधी पाय रेटायचे, मग पाठ, हात सगळ्यांत शेवटी. परत येताना उलटा क्रम आणि तोही सावकाश, कारण धसमुसळेपणाने पुढे सरकलात तर तुमचंच वजन होडीला मागे ढकलतं. हे 'सावकाश' आमच्यातल्या कुणालाच जमेना. दोन वल्ह्यांच्या मुठी मध्ये एकमेकींवरून जातात, तेव्हा एका हाताची नखं दुसऱ्या हाताची सालं काढतात. सोमवारी मीटिंगमध्ये चौघांच्या बोटांना एकसारख्या पट्ट्या. मतभेद काय ते रजेच्या तारखांवरून व्हायचे, पण पट्ट्यांवरून त्या महिन्यात हाणामारी झाल्यासारखी दिसत होती.

भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे दत्तू भोकनळसारखं?" हो, अगदी तसंच. तळेगाव रोहीचा दत्तू, दुष्काळी चांदवड तालुक्यातला, विहिरी खणण्याची कामं केलेला. तो सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला, 2016 साली रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या होडीत उतरला आणि 2018 च्या आशियाई खेळांत चौघांच्या होडीत सुवर्णपदक घेऊन आला. आठ वल्ह्यांचीच होडी, फक्त तिच्यात ओरडायला कुणी नसतं आणि अंतर असतं दोन हजार मीटर. आम्हाला तीनशेच्या शेवटी घरचे आठवायचे.

आता खेकडा. वल्ह्याचं पातं पाण्यातून वेळेवर बाहेर काढलं नाही, किंवा तिरकं घातलं, तर पाणी ते धरून ठेवतं. होडी पुढे चाललेली असते, वल्हं अडकलेलं, मग मूठ येते थेट पोटावर. जोरात आली तर माणूस उडून नदीतही पडतो. याला म्हणतात खेकडा पकडणे. जर्मनमध्ये खेकडा म्हणजे क्रेब्स, आणि कर्करोग म्हणजेही क्रेब्स. शिकवणाऱ्या काकांनी पहिल्या दिवशी ही कोटी केली, आणि दरवर्षी करत असावेत, कारण हसायला ते थांबले नाहीत. मी म्हणालो, आमच्याकडेही तेच, कर्क म्हणजे खेकडा. त्यांना फार आनंद झाला. गाठीभोवती फुगलेल्या शिरा बघून जुन्या ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या नांग्या आठवल्या, तिथून ते नाव निघालं म्हणे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझी तर रासच कर्क. जपून बस."

टोपलीतल्या मराठी खेकड्यांची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. वर चढणाऱ्याला बाकीचे खाली ओढतात, म्हणून झाकण लागत नाही, ती. एक तर ती आता फार झाली. शिवाय चौथ्या सरावापर्यंत मला शंका यायला लागली होती, की आमच्या टोपलीतले चारही खेकडे वर चढायचंच बघतायत, फक्त वेगवेगळ्या वेळी. प्रत्येकजण जीव तोडून ओढत होता आणि होडी गोगलगायीसारखी. मग कन्यकेने डोळे मिटायला लावले. फक्त ऐका म्हणाली. आठ वल्ह्यांच्या फिरण्याचा खटका एकदाच ऐकू आला पाहिजे. विसाव्या-पंचविसाव्या वेळी तो आला. एकच 'खट', आणि होडीखालून पाण्याचा बुडबुड आवाज. तेवढे दहा हात आम्ही खरोखर वल्हवलं. मग हिशेबखात्यातल्या गृहस्थांना शिंक आली.

शर्यतीच्या दिवशी काठावरच्या हिरवळीवर सॉसेजचा धूर, ढोल, पोरंबाळं. आमच्या बाजूला एका बँकेची होडी, चौघंही सहा फुटी. "आख्टुंग... लोस!" दोनशे मीटरपर्यंत आम्ही दुसरे होतो. हे मला नंतर सांगितलं गेलं, मी फक्त तीळ बघत होतो. मग डावं वल्हं कुणीतरी खालून धरल्यासारखं अडकलं, मूठ बरगडीत घुसली आणि मी आडवा. उठून वल्हं सोडवेपर्यंत आम्ही चौथे. होड्या चारच होत्या.

काठावर बरगडी चोळत बसलो होतो. धक्क्याला रुग्णांची होडी लागली होती, त्यांचीही वेगळी शर्यत असते. डोक्याला निळा रुमाल बांधलेल्या एका बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "क्रेब्स?" मी मान डोलावली. आणि मग प्रश्न कुणी कुणाला विचारलाय हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आधी त्या हसल्या. इतक्या, की पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं.

त्यांची होडी निघाली. बाई दोन नंबरला होत्या. शेजारी मॅनेजर येऊन उभा राहिला, बराच वेळ त्यांची वल्ही बघत.

"वेळेवर आहेत," तो म्हणाला.