तुम्ही विचारलंत म्हणून: दातवाल्यालाही कशाला सांगता?

"कायले सांगता हो ताई सगळ्यायले? दातवाल्याले काय करायचं आहे त्या डोक्याच्या गोळ्यांचं?"

महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं, कधी टोकाचं खचतं असा आजार. अठरा वर्षं तो लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवणारी गोळी, घेतो आणि नोकरीही नीट करतो. त्याचं नाव खराब होऊ नये, एवढंच त्यांना वाटतं. मलाही तेच वाटायचं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याचा गुडघा धरला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोणती गोळी सुरू आहे?" दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर बाकावर आमच्या ओळखीच्या एक काकू बसल्या होत्या. मी म्हणाले, "बीपीची, बस." भावानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या लिहिल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी विचारलं होतं, खोटं मी बोलले.

त्याच्या पंधरा दिवस आधी बीपीच्या डॉक्टरांनी गोळी बदलली होती. नवीन गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध होतं. मीठ कमी करा, असंही सांगितलं होतं. त्यांनाही लिथियमचं माहीत नव्हतं, आणि मनोविकारतज्ज्ञांना या दोघांचा पत्ता नव्हता. वर नागपूरचं ऊन, पारा पंचेचाळीसला टेकलेला.

मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही त्याचा निचरा कमी करतात. म्हणजे घाम, अळणी जेवण, नवी बीपीची गोळी आणि गुडघ्याची गोळी अशा चारही बाजूंनी एकच गोष्ट होत होती.

आधी जुलाब लागले, मग हात थरथरू लागले. आम्ही म्हटलं, ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजलं, कांदा चोळला. चौथ्या दिवशी त्याची जीभ जड झाली, तोल जाऊ लागला. शेजारचे हळूच म्हणाले, "घेतली वाटते." दवाखान्यात रक्तातल्या लिथियमची लेव्हल निघाली २.१. एरवी ती साधारण ०.६ ते १.०च्या आत ठेवतात आणि १.५च्या पुढे विषबाधेचीच भीती. सलाइन, मूत्रपिंडाचे डॉक्टर, पाच रात्री. वाचला.

तेव्हापासून त्याच्या खिशात एक कागद असतो: सगळ्या गोळ्या, डोस, शेवटची लेव्हल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड आणि तिन्ही डॉक्टरांचे फोन. लेव्हलचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, हेही त्यावर आहे. लॅबवाले विचारतीलच असं नाही. औषधं एकाच मेडिकलमधून घेतो. मेडिकलवाल्या भाऊंनाही सांगून ठेवलंय. परवाच त्यांनी अंगदुखीची एक गोळी परत घेतली आणि म्हणाले, "आधी डॉक्टरले फोन लावा."

पण काकूंना सांगायचं नाही, हे अजूनही खरं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आजाराची माहिती गोपनीय राहणं हा त्याचा हक्क आहे. त्याच कायद्याप्रमाणे त्यानं साध्या कागदावर लिहून मला आपली नामनिर्दिष्ट प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारी व्यक्ती, नेमलंय. तरी कुणाला काय सांगायचं, ते तो ठरवतो. (तो ऑटोवाल्यालाही सांगतो. मी काही म्हणत नाही.)

गेल्या आठवड्यात दाढ काढायला गेलो. मी पर्स उघडायच्या आत त्यानं कागद पुढे केला. डॉक्टरबाईंनी वाचला, लिहिलेली गोळी खोडली आणि पॅरासिटामॉल लिहिली. दार अर्धं उघडंच होतं.