मैनाच्या विम्याचा दावा मंजूर होईपर्यंत

यावल तालुक्यातील आमच्या शेतकरी घरात विमा ही नवी गोष्ट नव्हती. म्हशींच्या कानात विम्यासाठीचे ओळखीचे बिल्ले होते आणि बिल्ला गळून पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्यावा लागतो, नाहीतर भरपाई अडते, हे घरातल्या मुलांनाही ठाऊक होते. राष्ट्रीय पशुधन अभियानातून या विम्याच्या हप्त्याला अनुदान मिळते आणि 2024 मध्ये पशुपालकाचा वाटा 15 टक्क्यांवर आणण्यात आला. 2022 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या रावेर तालुक्यात गुरांचा लम्पी त्वचारोग उद्भवला, तेव्हा दगावलेल्या दुधाळ गायीमागे शासनाने 30,000 रुपयांची मदत दिली. घरातल्या कुत्र्यासाठी असा कोणताही आधार नाही; त्याच्या आजारपणाचा सगळा भार पाळणाऱ्यावरच येतो. म्हणूनच आमची लॅब्रॅडॉर कुत्री मैना तीन वर्षांची झाली, तेव्हा मी तिच्यासाठी पॉलिसी शोधू लागले.

“कुत्र्याले बी विमा?” असे नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारले. प्रश्न रास्त होता, कारण त्यांच्या माहितीतला विमा जनावर मेल्यावर किंवा कायमचे निकामी झाल्यावर पैसे देतो. मी शोधत होते तो विमा ती जिवंत राहावी यासाठी होता. कुत्र्यांच्या काही पॉलिसींमध्ये मृत्यूबरोबरच शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात दाखल करण्याचा खर्च मिळतो, आणि कुत्रा कोणाला चावल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईचीही तरतूद असते. मात्र प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात. कोठे ठरावीक वयानंतर नवा विमा मिळत नाही, कोठे सुरुवातीचा काही काळ आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, तर कोठे खर्चाचा एक हिस्सा आपणच सोसावा लागतो. विमा घेण्यापूर्वीचा आजार सहसा वगळलेला असतो आणि लस वेळेवर दिली नसेल, तर पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारख्या लसीने टळणाऱ्या रोगांचा दावाही टिकत नाही. ही यादी मी हप्त्याच्या रकमेच्या आधी वाचली आणि प्रत्येकाने तसेच करावे असे मला मनापासून वाटते.

पॉलिसी घेताना नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, लसीकरणाचे कार्ड आणि दोन्ही बाजूंनी काढलेले छायाचित्र मागण्यात आले. ओळख पटावी म्हणून मैनाला मायक्रोचिप बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने सोडतात आणि तिचा 15 आकडी क्रमांक वाचकयंत्रावर दिसतो. कानातल्या बिल्ल्यासारखी ती सहज गळून पडत नाही. पहिल्या वर्षाचा हप्ता साडेचार हजारांच्या आसपास होता. पुढची काही वर्षे तो मी खंड न पडू देता भरत राहिले.

मैना सात वर्षांची असताना, एप्रिलच्या अखेरीस, ती एकाएकी फार पाणी पिऊ लागली. भुसावळ-जळगावकडे त्या दिवसांत पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे घरच्यांना तो उन्हाचाच परिणाम वाटला. परंतु तिने खाणे सोडले होते, उलट्याही होत होत्या, आणि ती माजावर येऊन गेल्याला दीड महिना झाल्याची नोंद माझ्या वहीत होती. नसबंदी न केलेल्या मादीला माजानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, हे डॉक्टरांनी पूर्वीच बजावले होते. गर्भाशयाचे तोंड बंद असेल, तर बाहेर स्राव दिसत नाही, विष अंगात भिनते आणि जनावर फार लवकर खालावते. जळगावच्या खासगी दवाखान्यात सोनोग्राफी होताच डॉक्टरांनी त्याच दिवशी गर्भाशय काढावे लागेल असे सांगितले. खर्चाचा अंदाज 28,000 रुपयांचा होता. केळीचे पैसे व्यापाऱ्याकडून यायचे होते, तरीही संमतीच्या कागदावर सही करताना मला पैशांचा हिशेब करावा लागला नाही. विम्याची माझ्या दृष्टीने खरी किंमत हीच आहे.

शस्त्रक्रियेआधीच यजमानांनी कंपनीला फोन करून सूचना दिली आणि दाव्याचा क्रमांक लिहून घेतला. मैना घरी आल्यावर आम्ही दाव्याचा अर्ज, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ततपासणी व सोनोग्राफीचे अहवाल, मूळ बिले आणि मायक्रोचिपचा क्रमांक लिहिलेले डिस्चार्ज कार्ड पाठवले. काही दिवसांनी उत्तर आले की नसबंदीची शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही. बिलावर केवळ ‘गर्भाशय व बीजांडकोश काढण्याची शस्त्रक्रिया’ असे लिहिलेले होते आणि निरोगी मादीची नसबंदीही नेमकी अशीच होते, त्यामुळे कागद पाहणाऱ्याचा तसा समज होणे शक्य होते. डॉक्टरांनी स्वतंत्र पत्र दिले. त्यात रोगाचे निदान, पांढऱ्या पेशींची वाढलेली संख्या, सोनोग्राफीतील निष्कर्ष आणि शस्त्रक्रिया टाळली असती तर जीव गेला असता हे स्पष्ट नमूद केले, आणि काढलेल्या गर्भाशयाचे छायाचित्रही जोडले. त्यानंतर आमचा हिस्सा वजा करून सुमारे 21,000 रुपये खात्यावर जमा झाले.

डॉक्टरांच्या पत्रानंतरही दावा फेटाळला गेला असता, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून, 30 दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाण्याची आमची तयारी होती. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तशी वेळ आली नाही, कारण प्रत्येक कागद जागेवर होता आणि डॉक्टरांनी पत्र लिहिण्यास वेळ दिला.

माझ्या धाकट्या दिरांनी नुकतेच देशी जातीचे पिल्लू आणले आहे. त्याचा लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण होताच चिप बसवायची आणि देशी कुत्र्यांना घेणाऱ्या कंपन्यांच्या अटी शेजारी ठेवून पाहायच्या, असे आम्ही ठरवले आहे. नानांनी त्याच्या कार्डासाठी म्हशींच्या विम्याच्या फाइलमध्ये एक नवा कप्पा करून ठेवला आहे.