परदेशातील एक सत्र आणि साडेसातशे तासांचा हिशेब

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याला सगळे जण राहण्याची सोय, हवामान आणि खर्च यांविषयीच विचारतात. मलाही तेच विचारले गेले आणि मीही त्याच प्रश्नांची तयारी करून गेले. अभ्यासाची मला मुळीच काळजी नव्हती, कारण तेवढी एकच गोष्ट आपल्याला नक्की जमते असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात राहण्या-जेवणाची घडी तीन आठवड्यांत बसली. अभ्यासाची घडी बसायला मात्र निम्मे सत्र गेले.

मी गेले ते विद्यापीठ युरोपातील होते आणि तिथे ईसीटीएस ही श्रेयांक पद्धत होती. इरॅस्मस ही विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना १९८७ मध्ये ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. एका देशात केलेला अभ्यास दुसऱ्या देशात मोजता यावा म्हणून त्या योजनेत १९८९ पासून ही पद्धत वापरात आली. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक, म्हणजे एका सत्राचे ३०. वेळापत्रक हाती आले तेव्हा त्यात आठवड्याला जेमतेम बारा तासांचे वर्ग होते आणि ते पाहून मला फार हायसे वाटले. चौथ्या आठवड्यात, वाचनाचा ढीग साचल्यावर, मी पहिल्यांदा श्रेयांकाची व्याख्या नीट वाचली. एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याने एकूण २५ ते ३० तास काम करावे अशी अपेक्षा असते आणि त्यात वर्गातल्या तासांबरोबर स्वतःचे वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारीही धरलेली असते. याचा अर्थ ३० श्रेयांकांसाठी किमान ७५० तास. पंधरा आठवड्यांच्या वर्गांचे मिळून होत होते १८०. उरलेले ५७० तास कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नव्हते. ते मी एकटीने, कोणी न सांगता, भरून काढायचे होते. बदलाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मी पाचांपैकी एक विषय सोडला. त्या सत्रातला माझा सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच, असे मी आजही म्हणेन.

खरी कसोटी चर्चावर्गात लागली. चौदा विद्यार्थी, एक लांब टेबल आणि दर आठवड्याला आधी वाचून यायची साठ-सत्तर पाने. मी सगळी पाने वाचून जात असे, समासात टिपणे काढत असे, आणि दोन तास गप्प बसून परत येत असे. भाषेची अडचण होती, पण सगळा दोष भाषेवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एखादे वाक्य मनात जुळवून होईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असे, हे खरे. पण त्याहून खरे हे की बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नसे. लेखकाने काय म्हटले आहे ते मला नेमके सांगता आले असते. ते तर टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकानेच वाचलेले होते.

पाचव्या आठवड्यात आम्ही दोन पानी टिपण लिहून दिले होते. माझे परत आले तेव्हा त्यावर कुठेही लाल खूण नव्हती. शेवटच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने, बारीक तिरप्या अक्षरात, दोनच वाक्ये लिहिली होती : लेखकाचे म्हणणे तुम्हाला समजले आहे. तुमचे काय म्हणणे आहे? मी ते टिपण घेऊन बाईंच्या भेटीच्या वेळेत त्यांच्या खोलीवर गेले. त्यांनी समजूत घातली नाही की उपदेशही केला नाही. पुढच्या वेळी येताना, जे पटले नाही असे एकच वाक्य निवडून आणा आणि का पटले नाही ते अर्ध्या पानात लिहून आणा, एवढेच त्या म्हणाल्या.

ते अर्धे पान लिहायला मला पूर्ण रविवार लागला. साठ पाने वाचायला जितके तास लागले होते, त्याहून जास्त वेळ एका वाक्याशी भांडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मी ते जवळजवळ वाचूनच दाखवले. समोरच्या एका मुलाने लगेच विरोध केला, दुसरीने माझी बाजू घेतली, आणि पुढची वीस मिनिटे माझ्या मुद्द्यावर चर्चा चालली. त्यात मी आणखी दोनदाच बोलले असेन. त्यानंतर दर आठवड्याला मी ते अर्धे पान लिहीत राहिले आणि मैत्रीसुद्धा तिथूनच सुरू झाली. तोवर माझी ओळख होती ती फक्त माझ्यासारख्याच बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांशी. नव्यांसाठी भरवलेल्या स्वागताच्या कार्यक्रमांतून जे साधले नाही, ते वर्ग सुटल्यावर जिन्यात उभे राहून पुढे चाललेल्या वादांतून साधले.

परत आल्यावर कागदपत्रांचा भाग उरला होता आणि त्याबाबत जाणाऱ्यांनी खरोखर सावध असायला हवे. जाण्यापूर्वी विषयांचा जो करार होतो, त्यात नंतर केलेला प्रत्येक बदल दोन्ही विद्यापीठांकडून लेखी मंजूर करून घ्यावा लागतो. गुणांचे रूपांतर हाही किचकट प्रकार आहे, कारण जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण असतो आणि ४.० पर्यंत विद्यार्थी उत्तीर्ण होतो, तर फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात आणि १० मिळाले की उत्तीर्ण. माझ्या चारपैकी तीन विषयांना मान्यता मिळाली. चौथा विषय तो चर्चावर्ग होता. तिथे पोहोचल्यावर मी तो दुसऱ्या एका विषयाऐवजी घेतला होता आणि त्या बदलावर माझ्या विद्यापीठाची सही राहून गेली होती. तीन अर्ज करूनही उत्तर आले नाही. माझ्या गुणपत्रिकेत त्याचा उल्लेख नाही. पदव्युत्तर प्रबंधाचा विषय मात्र मी त्या रविवारी लिहिलेल्या अर्ध्या पानावरूनच घेतला.